माझ्या मयतीचा कागद



मी सत्तावीस वर्षांचा आहे. मॅट्रिक पास, गाव बडनेरा. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. आणि माझ्या मयतीचा कागद मी लिहून ठेवलाय. रोग काही नाही, प्रेमभंगही नाही, दंड शाबूत आहेत. तरी लिहिला. तुम्हीपण लिहा, एवढं सांगायला ही पानं खरडतोय.

मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'काऊन असं अभद्र बोलतं बापू? मरायच्या गोठी बुढ्यायनं करा लागते.' चळवळीतल्या दोस्तांचा सूर वेगळा. त्यांचं म्हणणं, आपल्याला जगायचं भांडण भांडायचंय, तू मरणाचं काय घेऊन बसलास, हे खात्यापित्या लोकांचे चोचले. मायशी वाद घालता येत नाही. दोस्तांशी घालतो.

खात्यापित्यांचं खरं आहे. मुंबईत आता आगाऊ पैसे भरून घेऊन मयतीची सगळी व्यवस्था विकणाऱ्या कंपन्या निघाल्यात. तिरडीपासून खांदेकऱ्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडं मिळतं. पोरं अमेरिकेत, म्हातारा-म्हातारी फ्लॅटात एकटी, त्यांना गरज असेल, मी हसत नाही. पण त्यांच्या मयतीत प्रश्न सोयीचा असतो. आपल्या मयतीत प्रश्न मालकीचा असतो. हे मढं कुणाचं? गावाचं, जातीचं, पोलिसाचं, ठेकेदाराचं, की ज्याचं होतं त्याचं?

जरा मागं जा. गावात पाटलाचा बाप मेला की सांगावा घेऊन उन्हातान्हात पाच-पाच, दहा-दहा कोस पायी कोण पळायचं? आपला आजा, पणजा. सरणाची लाकडं कोण फोडायचं? तोच. प्रेतावरचं कापड हा त्याचा हक्क. हक्क म्हणे! मेलेल्याच्या अंगावरून उतरवलेलं कापड जित्या माणसानं नेसायचं आणि त्याला बलुत्यातला हक्क म्हणायचं. म्हणजे गावातल्या एकूण एक मयतीची व्यवस्था या माणसाला पाठ होती. कुणाला किती लाकूड, कुणाच्या सोयऱ्याला आधी सांगायचं, कुणाचं सरण कुठल्या अंगाला. फक्त स्वतःची मयत त्याच्या हातात नव्हती. तो मेला की गावानं दाखवलेल्या तुकड्यात नेऊन पुरायचा. जागा गावाची, वाट गावाची, त्या वाटेनं न्यायची की नाही ती मर्जीपण गावाची.

आता ज्या माणसानं हे पहिल्यांदा उलटं केलं त्याच्याकडं या. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं आणि ते सरकारी कचेरीत रीतसर नोंदवलं. तेव्हा ते साठ वर्षांचे, हिंडतेफिरते. अर्धांगाचा झटका आला तो पुढच्या वर्षी, १८८८ ला. म्हणजे हा कागद मरणाच्या भीतीनं बिछान्यात लिहिलेला नाही, धडधाकट असताना लिहिलाय. त्यात इस्टेटीचं आहे, दत्तक मुलगा यशवंतचं आहे, यशवंत नालायक निघाला तर सावित्रीबाईंनी काय करायचं तेही आहे. आणि मयतीचं आहे. आपल्या क्रियाकर्मात भटब्राह्मणाची सावलीसुद्धा पडता कामा नये. आणि आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावं. नुसतं लिहून थांबले नाहीत, राहत्या घरामागं खड्डाही तयार ठेवला.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आणि कागदाचं काय झालं ते नीट बघा, कारण सगळा धडा तिथंच आहे. नगरपालिकेनं राहत्या वस्तीत पुरायला परवानगी दिली नाही. ज्या पुणे नगरपालिकेत हा माणूस १८७६ पासून काही वर्षं सभासद म्हणून बसला, भांडला, तीच ही नगरपालिका. मिठाचा खड्डा तसाच राहिला आणि जोतीरावांना जाळावं लागलं. मग दुसरं. भाऊबंद उठले, टिटवं कोण धरणार म्हणून. दत्तक पोराचा हक्क त्यांना मान्य नव्हता. टिटवं म्हणजे मडकं हो, मातीचं, दीड दमडीचं. पण ते धरतो तो वारस, म्हणून मडक्याचं भांडण हे घराचं आणि जमिनीचं भांडण असतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. टिटवं त्यांनी स्वतः धरलं, प्रेतापुढं चालल्या आणि अग्नी दिला. १८९० साली. बाईनं मसणात पाय ठेवायचा नाही असं आजही आपल्या वस्तीत म्हणतात, तुमच्या-माझ्या घरात म्हणतात.

कागदातलं किती पाळलं गेलं? भट आला नाही. मीठ मिळालं नाही. आणि जे पाळलं गेलं ते सरकारी शिक्क्यामुळं नाही, एका बाईनं मडकं उचललं म्हणून.

दुसरा माणूस आमच्याकडचा, वऱ्हाडातला. शेंडगावचा परीट, डेबूजी. गाडगेबाबा. आयुष्यभर लोकांना सांगत फिरला की कर्ज काढून सण करू नका, मेल्याच्या नावानं पंगती उठवू नका, दगडापुढं बोकड कापू नका. पोरगा गेल्याची खबर आली तेव्हा कीर्तनात उभा होता, कीर्तन थांबवलं नाही. स्वतःच्या मरणाचं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मरेन तिथंच माझं करून टाका. समाधी नको, पुतळा नको, देऊळ नको. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. त्यानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी जीव सोडला. बडनेऱ्याहून वलगाव काही लांब नाही. आज अमरावतीत गाडगेनगर आहे आणि गाडगेनगरात बाबांची समाधी आहे, मंदिर आहे, दर डिसेंबरात पुण्यतिथीचा सोहळा आहे. जे नको म्हणाला ते सगळं आहे.

कुणी दुष्टाव्यानं केलं? नाही. प्रेमानं केलं. ज्यांनी बांधलं त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, यात मला शंका नाही. पण म्हणूनच लिहितोय. आपल्या मयतीची वाट दुश्मन लावतात तशी आपली माणसंपण लावतात, आणि आपल्या माणसांशी भांडायला तेव्हा आपण नसतो. बाबांनी सांगितलं ते तोंडी सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना सांगितलेलं कुणा एकाच्या अंगावर पडत नाही.

बाबासाहेबांची गोष्ट निराळी. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा कार्यक्रम व्हायचा होता. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चितेसमोरच लाखावर लोकांनी हात जोडून दीक्षा घेतली. त्या दिवशी काय करायचं ते लोकांना शिकवावं लागलं नाही. पण तसं मरण शतकात एखाद्याचं. आपल्या मयतीला चाळीस माणसं येणार, त्यातली वीस चहासाठी थांबणार.

मढं कुणाचं हा प्रश्न मी कवितेतून काढलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हाथरसच्या दलित मुलीचं प्रेत ३० तारखेला रात्री अडीचच्या सुमाराला पोलिसांनी शेतात जाळून टाकलं. घरचे घरात, सरण शेतात, मध्ये पोलीस. दुसऱ्या दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली की माणसाला इज्जतीचा अंत्यसंस्कार हा हक्क आहे. हक्क आहेच. राख झाल्यावर समजला. मग २०२५ चा जानेवारी. बस्तरमधल्या महरा जातीतला एक ख्रिस्ती पाद्री ७ तारखेला वारला. मुलाचं म्हणणं, आजा-आत्या पुरलेत तिथंच, गावातच बापाला पुरायचं. गाव नाही म्हणालं. मढं जवळजवळ तीन आठवडे शवागारात. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २७ जानेवारीला दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली आणि शेवटी हुकूम काय, तर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती कबरस्तानात न्या. धर्म बदलला, देव बदलला, मसणाची हद्द बदलली नाही.

कायदा नाही असं नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात विहीर, तलाव, घाट यांच्या रांगेत स्मशान लिहिलेलं आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं ते पुन्हा ठळक घातलं. तरी गावोगाव मसणवटे जातीजातीचे. एकाला पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, बसायला बाकडी, देणगीदाराचं नाव. दुसऱ्याला बाभळी आणि नाल्याचा काठ, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून तिरडी. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट आमच्या अमरावतीकडं आधी उसळली, २२ तारखेपासून टाळेबंदी लागली. तेव्हा सख्खा पोरगा बापाच्या मढ्याला हात लावत नव्हता. चार-दोन महिने सगळ्या जातींना कळलं की शिवायचं नाही म्हणजे काय असतं. पण प्लॅस्टिकात बांधलेली ती मढी उचलली कुणी? सफाई कामगारांनी. त्यांची आडनावं विचारून या, मग आपण बोलू.

आता माझ्या धंद्याचं. गोदीत स्टीलची कॉइल उतरते ती पंधरा-वीस टनांची. साखळी सरकली की खाली असलेला माणूस ओळखू येत नाही. मी पाहिलंय, त्याचं वर्णन करणार नाही. त्यानंतरचं सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. पंचनामा होतो, पोस्टमार्टेम होतं, आणि मढं शवागारातून बाहेर यायच्या आत ठेकेदाराचा माणूस हजर. भारी नम्र. अँब्युलन्स त्यानं आधीच ठरवलेली असते, भाडं भरलेलं असतं, एक पाकीट असतं आणि एक कागद असतो. 'आधी गावाला न्या, माय-बाप वाट बघतायत, सही करा, बाकीचं नंतर बघू.' गावाकडून आलेला भाऊ रडत रडत सही करतो. दोन तासांत मढं मुंबईबाहेर. काऊन एवढी घाई? मढं गोदीच्या फाटकासमोर ठेवून कुणी बसू नये म्हणून. मढं गेलं की साक्षीदार पांगतात, टोळी दुसऱ्या दिवशी कामावर जाते. हे सगळं तो माणुसकीच्या नावावर करतो, आणि वस्तीतले लोक म्हणतात, मालक चांगला होता, गाडी करून दिली.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानं मृत्यूची भरपाई सरकारी आयुक्ताकडं जमा करायची असं ठरवून दिलं होतं. घरच्यांच्या हातात कोंबलेलं पाकीट भरपाई म्हणून धरलं जात नव्हतं. क्रियाकर्माचा खर्चही मालकावर होता, २००९ च्या दुरुस्तीनं तो किमान पाच हजार केला. किती जणांना माहीत होतं? माझ्या टोळीत कुणालाच नव्हतं.

म्हणून माझ्या कागदात पहिलं वाक्य देवाचं नाही, धर्माचं नाही, सहीचं आहे. गोदीत मेलो तर एफआयआरची प्रत आणि पोस्टमार्टेमची पावती हातात आल्याशिवाय मढं हलवायचं नाही आणि कशावरही कुणी सही करायची नाही. ठेकेदाराची अँब्युलन्स घ्यायची नाही.

पुढं डोळे. डोळे द्यायचे, सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून रडणं नंतर. देहदानाचा फॉर्म मी आणून वाचला. आपल्या पुरोगामी मंडळीत देहदानाची मोठी चर्चा असते, चांगलीच गोष्ट आहे. पण पोस्टमार्टेम झालेलं मढं मेडिकल कॉलेज सहसा घेत नाही. म्हणजे आमच्यासारख्या अंगमेहनतीवाल्याला, जो बहुतेक अपघातानंच जायचा, देहदानसुद्धा परवडत नाही, बघा. म्हणून दोन्ही लिहिलं. बिछान्यात मेलो तर देह अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला. पोरं शिकतील, निदान माझं काळीज कुठं होतं ते तरी कुणाला सापडेल. कामावर मेलो तर विद्युतदाहिनी. लाकडाच्या सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, आणि माझ्या पणजानं दुसऱ्यांसाठी पुष्कळ फोडून ठेवलंय.

तेरवी नाही. पंगत नाही. व्याजानं पैसे काढून सोयऱ्यांना जेवू घालायचं नाही, माझ्या नावावर तर नाहीच. वंदना म्हणायची असेल त्यानं म्हणावी. चौकात फ्लेक्स लावायचा नाही. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मेलेल्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि पुढाऱ्याचा टेबलाएवढा असतो. कविता वाचायच्या असल्या तर माझ्याच वाचा, वाईट असल्या तरी चालतील.

एका कलमावर मी तीन रात्री अडलो. जाळायचं कुठं? बडनेरा मुंबईहून साडेसहाशे किलोमीटरवर. जंक्शन आहे, गाड्या पुष्कळ थांबतात. रेल्वे ब्रेकव्हॅनमधून शवपेटी नेते, पण मृत्यूचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, मढं मसाला भरून टिकवल्याचा दाखला, पक्की बंद पेटी, इतकं जमवायचं. अँब्युलन्स केली तर तिच्या भाड्यात घरच्यांचं वर्ष जातं. हिशेब सांगतो, मुंबईतच जाळा. गाडगेबाबापण हेच सांगून गेले. तसं मी लिहिलं आणि मायला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'तुले मुंबईत जाळलं तं मले तुयं तोंड कोन दाखवीन?' हिशेबाला याचं उत्तर नाही. तेव्हा आता कलम असं आहे : माय जिवंत असेल तर बडनेऱ्याला न्या, नसेल तर मुंबईत उरका. नेलं तर जुन्या वस्तीतून, भर रस्त्यानं न्या, मागच्या वाटेनं नको.

आणि आता खरी मेख. असा कागद कायद्यानं कुणावर बांधील नसतो. मढं ही मालमत्ता नाही, म्हणून मृत्युपत्रानं ते कुणाला देता येत नाही, इच्छा तेवढी लिहिता येते. १९२५ च्या वारसा कायद्यात मयतीच्या खर्चाचं एक कलम आहे, मी वकिलाकडून समजून घेतलं. मेलेल्याच्या पैशातून आधी क्रियाकर्माचा वाजवी खर्च भागवायचा, मग कर्जं. आणि वाजवी म्हणजे किती? मयताच्या दर्जाप्रमाणे! वाचून हसू आलं. दर्जा मेल्यावरही कायदा विचारतो.

म्हणून शिक्क्यापेक्षा माणूस नेमणं मोठं. सगळ्यांना सांगू नका, एकाला नेमा, त्याच्या अंगावर टाका, दोन साक्षीदारांसमोर त्याच्याकडून हो म्हणवून घ्या. मी बहिणीला नेमलंय. अमरावतीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, ठेकेदाराच्या माणसाला उभं करील अशी. तिनं कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, 'दादा, मी मसणात गेली तं मामा मले घरात घेईन का?' फुल्यांचा फोटो आमच्या मामाच्या भिंतीवर आहे, शेजारी सावित्रीबाईंचा. त्या दोघांमध्ये १८९० च्या नोव्हेंबरात काय झालं ते मामांना मी सांगितलं. ते म्हणाले, ती गोष्ट अलग आहे. काय अलग आहे ते त्यांनी सांगितलं नाही. बहिणीनं सही केली आहे.

शेवटी पैशाचं. शिवडीला आम्हा वऱ्हाडकडच्या पोरांची मयत भिशी आहे, एकवीस जण, महिना शंभर रुपये. कुणी गेला की जमलेली रक्कम त्याच्या घरी. मी ठराव मांडलाय की रक्कम ज्याच्या नावाचा कागद आहे त्या नेमलेल्या माणसाच्या हातात द्यायची, मग ती बायको असो, बहीण असो, दोस्त असो. अकरा जण बाजूनं आहेत, सहा विरोधात. चार जण म्हणतात, आधी घरी विचारतो. विरोधातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, पैसा बापाच्या नाहीतर भावाच्या हातात गेला पाहिजे, बाईच्या हातात मयतीचा पैसा दिला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. पुढल्या रविवारी बैठक आहे. त्या चौघांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यानं रविवारच्या आत मला गाठावं. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या पोरांनाही अशीच भिशी काढायची आहे असा निरोप आलाय. त्यांनी आणि बाकी ज्यांना कागदाचा नमुना पाहिजे त्यांनी सरळ खोलीवर यावं, हातानं उतरवून घ्यावा. पाळी सुटल्यावर मी असतोच.